तिसऱ्या मजल्यावरून येणारं उत्तर

मी दारात उभी राहिले की लोक माझ्या मागे बघायचे. बॅग माझ्या खांद्याला, केबलचं भेंडोळं माझ्या हातात, तरी विचारायचे, "इंजीनियर साहब कब आएँगे?" सुरुवातीला मी चिडत असे. मग उत्तर ठरवून टाकलं, "आ गए. सर्वर किधर है?" त्यानंतर समोरच्याचा चेहरा बघणं हा माझा हक्काचा विरंगुळा होता.

आता काम सोडलं. गुडघे टेबलाखाली शिरायला तयार नाहीत, आणि या धंद्यातलं निम्मं आयुष्य टेबलाखालीच जातं. "तुमच्या कामातलं काहीतरी लिहा," असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा आधी गमतीदार गिऱ्हाइकंच आठवली. ती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले आणि एक दार डोळ्यांपुढे येऊन उभं राहिलं. ते काही हटेना. म्हणून त्याचंच सांगते. त्याआधी कामाविषयी चार वाक्यं सांगावी लागतील, तेवढी सहन करा.

लहान दुकानात प्रत्येक कॉम्प्युटर आपापल्या मर्जीचा मालक असतो. कोणीही बसावं, काहीही उघडावं. ऑफिस मोठं झालं की हे चालत नाही. मग एक सर्वर आणतात, सगळ्या माणसांची नावं आणि पासवर्ड त्यात ठेवतात, आणि बाकीच्या मशीनना त्याच्या अंमलाखाली घेतात. या सगळ्या गोतावळ्याला डोमेन म्हणतात. एकेक मशीन त्यात सामील करून घेणं हे माझं काम. बहुतेक वेळा ते चहा निवायच्या आत होतं. होत नाही तेव्हा मात्र माणूस रडकुंडीला येतो.

कारण असं की मशीनना एकमेकांचे आकडे कळतात, आणि आपण नावं वापरतो. "अमुक नावाच्या डोमेनमध्ये जा," असं मशीनला सांगितलं की ते आधी कोणाला तरी विचारतं, हे नाव कुठे राहतं? कोणाला विचारायचं, हे त्याला सकाळी चालू झाल्याबरोबर सांगितलेलं असतं. ते सांगणाराच चुकीचा भेटला तर मशीन भलत्याला विचारतं, भलता म्हणतो मला नाही माहीत, आणि पडद्यावर येतं की असं डोमेन सापडत नाही. सर्वर समोरच्या टेबलावर घुरघुरत असतो. तरी मशीन म्हणतं, नाहीच.

दरवेळी नावाचाच घोळ असतो असंही नाही. आमच्या जबलपुरात राइट टाउनमधल्या एका शाळेत मी पूर्ण सकाळ घालवली. प्राचार्यांचा कॉम्प्युटर काही केल्या आत शिरेना. शेवटी लक्षात आलं की त्याचं घड्याळ पुढे आहे. सर्वरच्या आणि मशीनच्या वेळेत जास्त फरक पडला की सर्वर त्याला उभं करत नाही. मी घड्याळ मागे घेतलं तर प्राचार्य खुर्चीतून उठले. "मैडम, इसको मत छूइए! मैं बीस साल से समय से आगे चल रहा हूँ!" त्यांना समजावण्यात दुपार गेली.

अशा गोष्टी सांगून मी घरी जेवताना सगळ्यांना हसवत असे. एका रुग्णालयातलं काम मात्र तसं सांगता आलं नाही.

रुग्णालयही राइट टाउनमधलंच, खाजगी. नाव सांगत नाही. ज्यांनी ते उभारलं त्यांना सगळे 'बड़े डॉक्टर साहब' म्हणत, आणि आम्ही मराठी घरातले लोक मोठे डॉक्टर म्हणत असू. ते सर्जन होते, मूळचे नागपूरकडचे. जबलपुरातल्या मराठी माणसांना त्यांचा फार आधार वाटायचा. आमच्यासारखी भंडाऱ्याकडून कारखान्याच्या नोकरीसाठी आलेली बौद्ध कुटुंबं असोत की जुन्या वस्तीतले व्यापारी, पोटात दुखायला लागलं की पहिलं नाव त्यांचं. त्यांच्यापुढे आपल्या भाषेत दुखणं सांगता यायचं. हिंदीत 'कळ' कशी सांगणार?

माझ्या कामाच्या वेळी ते खुर्चीवर नव्हते. मुलगा सगळं बघत होता. तोही सर्जन, पन्नाशीच्या अलीकडचा. मी त्याला इथे सुहास म्हणते. मोठे डॉक्टर निवृत्त होऊन मुलीकडे पुण्याला गेले, असं सगळ्या शहराला माहीत होतं. रिसेप्शनच्या मागे त्यांचा मोठा फोटो होता. आमच्या घरीही कधी विषय निघाला की आई म्हणायची, "पुण्याची हवा मानवली असंन त्यायले."

रुग्णालयाने नवा सर्वर घेतला होता. ओपीडी, औषधांचं दुकान, लॅब, एक्स-रे, सगळीकडची मशीन डोमेनमध्ये घ्यायची होती. निम्मी सुरळीत झाली. मग एक्स-रेच्या खोलीतलं मशीन अडलं. डोमेन सापडत नाही. मी सर्वरला आकड्याने हाक मारली, उत्तर आलं. नावाने मारली, काही नाही. बंद करून चालू केलं, आणि ते मुकाट्याने आत गेलं! मी खूश. तोवर लॅबमधलं अडलं. ते झालं तर आदल्या दिवशी झालेलं औषधांच्या दुकानातलं बिनसलं. दुकानातला माणूस म्हणाला, "मैडम, ये तो पहले से ऐसा ही है. कभी नेट चलता है, कभी नहीं."

कधी चालतं, कधी नाही. हे वाक्य ऐकलं की आम्ही घरी कळवून टाकतो, आज उशीर होईल. कायमचं बंद पडलेलं शोधणं सोपं.

अडलेल्या मशीनवर मी पाहिलं की ते नावं कोणाला विचारतंय. तिथे आमच्या सर्वरचा पत्ता नव्हता. कोणा तिसऱ्याचाच होता. म्हणजे या इमारतीत आणखी कोणीतरी बसलं होतं, जे चालू होणाऱ्या मशीनना गाठून सांगत होतं, मला विचारा. आमचा सर्वर आधी पोचला तर मशीन नीट चालायचं, तो तिसरा आधी पोचला तर वाट चुकायचं. हे बहुतेक वेळा घरी वायफायसाठी लावतात तसल्या छोट्या डब्याचं काम असतं. कोणीतरी आणून लावतं, केबल चुकीच्या भोकात घालतं, आणि डबा सगळ्या ऑफिसचा कारभार हाती घेतो.

डबा शोधायची रीत साधी आहे. त्याच्या पत्त्याला सारखी हाक मारत राहायची. तो उत्तर देत राहतो. मग जिथे सगळ्या केबल एकत्र येतात तिथे जाऊन एकेक केबल काढायची आणि लगेच परत लावायची. जी काढल्यावर उत्तर थांबेल, तिच्या दुसऱ्या टोकाला आपला चोर. दुपारी ओपीडी बंद असताना मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. बऱ्याच केबल झाल्या आणि एकीला उत्तर थांबलं. परत लावली, परत आलं. ती केबल कुठल्याच खोलीत जात नव्हती. भिंतीतल्या पाइपातून सरळ वर जात होती.

रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, वर काय आहे.

"तीसरे माले पर? स्टोर है मैडम. बंद रहता है." ती खाली मान घालून काहीतरी लिहीत होती. "आप मत जाइए, बहुत धूल है."

धुळीचं मला कोण कौतुक! मी जिना चढले.

वर धूळ नव्हती. फरशी पुसलेली होती. कठड्यावर दोन पांढरे शर्ट वाळत होते. टोकाला एक दार होतं आणि त्याला बाहेरून कडी घातलेली होती. कुलूप नाही, नुसती कडी. आतून पुरुषाचा आवाज येत होता. "सक्शन. अरे सक्शन दे ना. दिसत नाही मले." मला वाटलं टीव्ही चालू राहिला असेल. पण टीव्हीवर 'मले' कोण म्हणणार?

मी कडी काढली.

खोली स्वच्छ होती, उजेडाची होती. रुग्णालयातल्यासारखी खाट होती. खिडकीजवळच्या खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टातले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. समोरच्या स्टुलावर टॅब्लेट उभा केलेला होता आणि त्यावर कोणाच्या तरी पोटाची शस्त्रक्रिया चालली होती. मोज्यातले हात, रक्त, चिमटे. त्या गृहस्थांचे दोन्ही हात हवेत होते. बोटं चालत होती. पडद्यावरचा चिमटा पुढे आला की यांची बोटं मिटत होती.

त्यांनी मान वळवली. "काहून उशीर केला?" ते म्हणाले. "पेशंट टेबलावर आहे."

खाली रिसेप्शनच्या मागे ज्यांचा फोटो होता, तेच होते. गाल बसले होते, केस गेले होते, पण डोळे तेच. मी बॅगेचा पट्टा धरून नुसती उभी राहिले. शाळेत असताना मी या माणसाला आमच्या घरी पाटावर बसून चहा पिताना बघितलं होतं. त्यांना पुण्याला जाऊन वर्षं झाली होती. आणि ते माझ्यापासून चार हातांवर बसले होते, त्यांच्या दाराची कडी मी बाहेरून काढली होती.

"चुकलं, डॉक्टर," माझ्या तोंडून निघालं.

"हात धुतले?"

"हो."

"मग इकडे ये. इथं धर." त्यांनी हवेतली एक जागा दाखवली. मी बॅग खाली ठेवली आणि तिथे धरलं. दुसरं काय करणार होते?

असं किती वेळ गेला कोण जाणे. मागे ताट आपटल्याचा आवाज झाला. वरण फरशीवर सांडलं होतं आणि एक प्रौढ बाई तोंडावर हात धरून उभी होती. ही सुमित्रा. मझौली गावची, या रुग्णालयात जुनी आया. मोठ्या डॉक्टरांचं सगळं तीच करत होती.

"दीदी, आप कौन? किसने खोला?" मग माझ्या पायाशीच बसली. "किसी को मत बताना दीदी. मेरी नौकरी चली जाएगी."

मी तिला उठवलं. फळीवर तो डबा होता. हिरवे दिवे लुकलुकत होते. इतके दिवस सगळ्या रुग्णालयाला चुकीचं उत्तर देणारा चोर.

"ये किसने लगाया?"

"मेरे भतीजे ने. साहब दिन भर दरवाज़ा पीटते थे. बोलते थे, ऑपरेशन है, जाने दो. एक दिन भतीजे ने मोबाइल पर ऑपरेशन का वीडियो दिखाया, तो साहब एकदम शांत. फिर उसने ये डब्बा लगा दिया. पर दीदी, ये भी कभी चलता है, कभी नहीं. जब बंद होता है ना, तो साहब फिर..." तिने दाराकडे बोट केलं.

दाराच्या आतल्या बाजूला रंग उडाला होता. माणसाचा तळवा जिथे लागेल, तेवढ्या उंचीवर.

एकाच चुकीच्या भोकातल्या केबलमुळे खाली एक्स-रेचं मशीन अडत होतं आणि वर हे होत होतं. डबा काढून टाकला असता तर माझं काम पाच मिनिटांत संपलं असतं. सगळी मशीन सुतासारखी सरळ झाली असती. मी तो काढला नाही. केबल योग्य भोकात घातली, डब्याच्या आतले पत्ते बदलले, खालच्या मशीनना काही सांगायची त्याची सवय मोडली. आता तो फक्त या खोलीपुरता होता. पडद्यावरचा व्हिडिओ न अडकता चालू लागला. सुमित्रा दोनदा म्हणाली, "रुक नहीं रहा है!"

"साहब आपसे रोज़ क्या बोलते हैं?" मी तिला विचारलं.

"मराठी में बोलते हैं. पहले हिंदी बोलते थे, अब नहीं आती. मैंने थोड़ी सीख ली. बसा, जेवा, झोपा." ती हसली. "ज़्यादा नहीं समझती."

मी खाली आले ती सरळ सुहास डॉक्टरांच्या केबिनमध्ये. रागाने माझे कान तापले होते. त्यांनी विचारलं, "मिल गया प्रॉब्लम?"

"मिळाला. तिसऱ्या मजल्यावर एक डबा होता. ठीक केलाय." मी मराठीतच बोलत होते, मुद्दाम. "त्या खोलीत मोठे डॉक्टर आहेत."

ते उठले, दार लावलं आणि परत येऊन बसले नाहीत. दाराला पाठ टेकवून उभे राहिले.

"आपको केबल ढूँढने को बुलाया था."

"केबल तिथेच जात होती, सर."

मागचं दार नीट लागलंय ना, ते त्यांनी एकदा चाचपून बघितलं. मग हळूहळू सांगायला लागले. ते कोणाला तरी सांगायची वाट बघत असावेत, असं मला तेव्हाही वाटलं. मोठ्या डॉक्टरांना विसर पडायला लागला होता, काम थांबवलं होतं, तरी एका सकाळी ते पांढरा कोट घालून ओपीडीत जाऊन बसले. त्यांना कोण अडवणार? एका लहान मुलाला त्यांनी मोठ्या माणसाची मात्रा लिहून दिली. औषधांच्या दुकानात लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी त्यांचं डोकं पूर्ण ताळ्यावर होतं. काय झालं ते त्यांना कळलं होतं.

"उन्होंने खुद कहा," सुहास म्हणाले. "मला खाली येऊ देऊ नको. कडी लाव. लोकांना सांग पुण्याला गेलो." हे एवढं त्यांनी मराठीत म्हटलं, शब्द पाठ केल्यासारखे. "मुझे एक-एक शब्द याद है."

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मी तो घेऊन जिना उतरले होते.

"आणि पुण्याच्या तुमच्या ताई? त्यांना काय माहीत आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "दीदी समझती हैं कि पापा को सुनाई नहीं देता, इसलिए फ़ोन पर नहीं आते."

म्हणजे शहराला पुणे सांगितलं होतं आणि पुण्याला बहिरेपणा.

"सर, ते कडी लाव म्हणाले त्याला वर्षं झाली. दार वाजवतात ते. दाराचा रंग बघितलाय तुम्ही?"

"अब उनकी बात का मतलब नहीं होता."

"होतो. ते मराठीत बोलतात. तुम्ही हिंदीत."

मला वाटलं त्यांना हे ठाऊक नसेल. तसं नव्हतं. ते अगदी हळू म्हणाले, "मालूम है मुझे. घर में माँ की वजह से हमेशा हिंदी रही. समझता हूँ, बोल नहीं पाता. ऊपर जाता हूँ, वो मराठी में कुछ पूछते हैं, मैं हिंदी में जवाब देता हूँ, तो मुझे वार्ड बॉय समझते हैं. कहते हैं, सुहासला बोलाव." त्यांनी चष्मा काढला. "इसीलिए नहीं जाता."

मी म्हटलं, कडीचं तेवढं बघा. कधी काही झालं, सुमित्रा खाली असली, तर ते बाहेर कसे येतील? ते म्हणाले, "देखता हूँ." कोणाला सांगू नका असं त्यांनी म्हटलं नाही, आणि मीही तसं वचन दिलं नाही.

बॅग आवरून निघाले. रिसेप्शनवरची मुलगी अजून खाली मान घालूनच बसली होती. मी समोरून गेले तशी दबक्या आवाजात म्हणाली, "मैडम, साहब ने आज खाना खाया?"

मी थांबले. तिच्या बाजूला वॉर्ड बॉय उभा होता, तोही माझ्या उत्तराची वाट बघत होता. औषधांच्या दुकानातला माणूस खिडकीतून वाकला होता. सगळ्यांना माहीत होतं! रोज वर ताट जात होतं, शर्ट इस्त्री होऊन येत होते. आणि हीच माणसं इतकी वर्षं आल्यागेल्याला सांगत होती की साहेब पुण्याला असतात. सुमित्रा सोडली तर कोणी यांना गप्प राहायला सांगितलं असेल असंही वाटेना. त्या दारापेक्षाही मला जास्त हादरा बसला तो त्या दबक्या आवाजाचा. त्यात लबाडी नव्हती. काळजीच होती.

मदन महल वस्तीतल्या आमच्या घरी पोचले. आई-बाबांना सांगितलं. आईने हातातला पेला खाली ठेवला.

"काय सांगून राहिली तू? पुण्याले नाही गेले?"

"नाही."

"अन् इतके लोक तिथं, एकालेही वाटलं नाही..."

बाबा आपला उजवा हात उलटसुलट करून बघत राहिले. कारखान्यात यंत्रात सापडून त्यांच्या त्या हाताची बोटं चिरडली होती. बोटं काढावी लागतील असं दुसरीकडे सांगितलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी ती वाचवली. करंगळी तेवढी वाकडी राहिली, मिटत नव्हती की उघडत नव्हती. बाकी चार बोटांवर बाबांनी नोकरी पुरी केली, माझं शिक्षण केलं.

"उद्या मले घेऊन चाल," बाबा म्हणाले.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. कडी काढली गेली. जिन्याच्या तोंडाशी एक बुटकं फाटक बसवलं आणि तिथे सतत कोणीतरी बसेल अशी व्यवस्था झाली. सुहास डॉक्टरांनी बहिणीला स्वतः फोन केला. ती पुण्याहून आली, खालच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतकी भावावर ओरडली, मग वडिलांजवळ राहिली. त्यांना हलवायचं नाही असं दोघांनी ठरवलं. मराठी घरातली काही जुनी माणसं भेटायला यायला लागली. काहींनी मात्र त्या रुग्णालयात पाऊल टाकायचं सोडलं. म्हणाले, बापाला कोंडणारा आमच्यावर काय उपचार करणार. मला अजूनही त्या मुलाविषयी एक मत करता आलेलं नाही. वडिलांनी स्वतःच तसं सांगितलं होतं, यावर माझा विश्वास आहे. दाराचा उडालेला रंगही मी विसरू शकत नाही. सगळी मशीन डोमेनमध्ये गेली. ते काम पुढे कधी बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना ऑटोने घेऊन गेले. आम्हाला कोणी अडवलं नाही. सुहास डॉक्टर जिन्यापाशी भेटले, काही न बोलता आमच्या पुढे चढले. पण खोलीच्या उंबऱ्याशी थांबले, आत आले नाहीत.

मोठे डॉक्टर खुर्चीवरच होते. सुमित्राने टॅब्लेट बंद केला. बाबा त्यांच्यासमोर स्टुलावर बसले, हात जोडले. "जय भीम, डॉक्टर. ओळखलं का?"

डॉक्टरांनी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. जोडलेल्या हातांकडे बघितलं. मग उजवा हात ओढून घेतला, उजेडात धरला, टाक्यांच्या जुन्या रेघांवरून अंगठा फिरवला. "वाकव," ते म्हणाले. बाबांनी बोटं वाकवली. "अजून. हं. सोड." एकेक बोट त्यांनी तपासलं. करंगळीशी थांबले.

"हे कोणी केलं?"

"तुम्हीच, डॉक्टर," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुम्ही वाचवला हा हात."

"मी?" डॉक्टर संतापले. "मी नाही केलं हे. मी केलं असतं तर करंगळी अशी राहिली नसती! कोण गाढव होता?"

मला बाबांकडे बघवेना. इतकी वर्षं त्यांनी या माणसाला देवासारखं मानलं होतं. पण बाबा हळूच म्हणाले, "मले वाटे, मी व्यायाम केला नाही म्हणून राहिली."

"व्यायामाचा काय संबंध?" डॉक्टर म्हणाले. "स्नायूची दोरी आखूड जोडली. तुझी चूक नाही."

बाबांच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला. हसले की काय, मला कळलं नाही.

तेव्हा उंबऱ्याशी हालचाल झाली. सुहास डॉक्टर आत आले. वडिलांच्या खुर्चीजवळ खाली फरशीवरच बसले. मग अडखळत म्हणाले, "बाबा... मग कसा... कशी जोडायची?"

मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, देव जाणे. नवा शिकाऊ डॉक्टर आला आहे असं समजले असावेत. "बघ इकडे," ते म्हणाले, आणि सांगायला लागले. कुठून कापायचं, दोरी कुठे सापडते, ती घसरून आत गेली तर कशी ओढून आणायची, टाका किती घट्ट. आवाजात कंप नव्हता. एकही शब्द अडत नव्हता. सगळं मराठीत. मुलगा मान हलवत होता, मधेच "म्हणजे?" विचारत होता, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सांगत होते, बाबांच्या तळव्यावर नखाने रेघ ओढून दाखवत.

पुष्कळ वेळ चाललं ते. बाबांचा हात अवघडला होता, खांदा थरथरायला लागलेला मला दिसत होता. पण त्यांनी तो मागे घेतला नाही.